आठ पेसो

शेवटची तोर्तिया तव्यावरून उतरली की
ओब्दुलिया मावशी नवऱ्याचे जुने बूट घालते
(आधी उलटे करून दोनदा आपटते, मग घालते)
आणि लोणच्याची रिकामी बरणी काखेत मारते.
काचेवर त्यांचे पाय ठरत नाहीत.
मी दिवा धरतो. माझं काम एवढंच.

दुरांगोच्या बाहेर, खाणीच्या बंद वाटेवर,
चंद्र नसलेली रात्र बरी.
जांभळा उजेड दगडांवरून सरकतो,
सरकतो,
आणि मातीच्या भिंतीच्या खपलीत
एक हिरवं अक्षर पेटतं,
नांगीची वेलांटी वर वळवून.
चिमटा शेपटीला, दुसऱ्या पेरावर.
टिंग.
एक. आठ पेसो.

बाकीच्यांना ती नावानं ओळखते, हात लावत नाही.
व्हिनाग्रियो, काळा, चाबकाच्या शेपटीचा,
चिडला की शिरक्याचा वास सोडतो.
"माझा सासरा," म्हणते.
मातावेनादो, हरणं मारणारा म्हणे.
हरीण राहू दे,
आमच्या दिव्यावर आलेला पतंगही त्याने अर्धाच खाल्ला.
कापुलिना लाकडांच्या ढिगात, पोटाखाली तांबडा डाग;
तिचं जाळं तुटताना चरचरतं, कोरं कापड फाडावं तसं.
आणि जुलैत डांबरी रस्ता ओलांडणारा
केसाळ, मुठीएवढा कोळी,
त्याच्यासाठी ती ट्रक थांबवायला लावते.
"बायको शोधतोय. जाऊ दे बिचाऱ्याला."

विंचवाचं तसं नाही.

चेंचो सहा वर्षांचा होता, ती नऊ.
त्या रात्री अंथरूण झटकायचं काम तिच्याकडे होतं.
ती सांगते ते एवढंच, काम कोणाकडे होतं.
पुढचं मला आईने सांगितलं.
तो रडला नाही. म्हणाला, घशात केस अडकलाय.
आजीने चुलीच्या उजेडात त्याचं तोंड उघडलं,
बोट घातलं, केस नव्हता.
तो म्हणत राहिला, आहे, लांब आहे, काढा ना.
मग जीभ जड झाली
आणि तेवढं म्हणणंही राहिलं.
औषध शहरात होतं.
शहर खेचरावरून सहा तास.

मागच्या महिन्यात एका सपाट दगडाखाली मादी निघाली.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना,
ते खरोखर तिथे होतं,
तांदळाच्या कण्यांएवढं, एकमेकांत पाय अडकवून.
दिव्यात आई पेटली, पिल्लं नाही.
ती अजून अंधाराकडेच होती.
चिमटा हवेत थांबला.
मावशीने दगड होता तसा ठेवला,
उतू जाऊ नये म्हणून झाकण सरकवावं, तितका जपून.
मला वाटलं, चला.
"पिल्लांचे पैसे फेर्मिन देत नाही," ती म्हणाली.
"दगड लक्षात ठेव."

फेर्मिनच्या दुकानात ते पारदर्शक राळेत बुडतात,
किल्ल्यांना लटकतात, घड्याळात बाराच्या जागी बसतात.
काही प्रयोगशाळेत जातात,
तिथे त्यांचं विष काढून त्यावरचं औषध करतात.
कुठले कुठे जातात, ती विचारत नाही.
मी एकदा विचारलं.
म्हणाली, भाव सारखाच आहे.

परतताना दफनभूमी लागते.
तिथे दगड पुष्कळ, म्हणून विंचू पुष्कळ.
नाव पुसलेल्या क्रुसांवरून
हिरवी अक्षरं स्वतःहून फिरत असतात.
चेंचोच्या दगडाला ती वळसा घालत नाही.
त्याच्या उजव्या कडेला दोन होते.
टिंग. टिंग.
एकशे सहा. एकशे सात.

मग ती खाकरली.
थांबली, पुन्हा खाकरली,
जिभेच्या मुळापर्यंत बोट नेऊन
ते माझ्या दिव्याखाली धरलं.
"बघ रे, काही आहे का?"
मी वाकून नीट पाहिलं.
नखात मक्याच्या पिठाची रेघ होती.